दांताची कॅप आणि उडालेला टवका

या महिन्यांत आमच्याकडे दांतांविषयीं दोन पत्रें आलीं आहेत. पहिलें बारामतीच्या एका भगिनींचें. त्यांच्या सासूबाईंच्या दाढेवर रूट कॅनॉलनंतर झिरकोनियाची कॅप बसविली. वर्षाच्या आंतच ऊंस खातांना तिचा टवका उडाला. "झिरकोनिया पोलादासारखा असतो असें आम्हांस सांगण्यांत आलें; मग ही फसवणूकच नव्हे काय?" असें त्या विचारतात. दुसरें पत्र इंदापूरच्या एका मातेचें. मुलीचे दांत निरोगी, परंतु किंचित् पिवळसर आहेत. लग्नापूर्वीं पुढच्या चार दांतांना कॅप बसवून घ्यावी, असें घरांतील कांहीं मंडळींचें मत आहे. दोन्ही प्रश्नांचें मूळ एकच असल्यामुळें आम्ही त्यांचा एकत्र विचार करतों.

झिरकोनिया म्हणजे झिरकोनियम धातूचा ऑक्साइड. क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १७८९ सालीं सिंहलद्वीपाच्या खड्यांतून तो ओळखला. पोलादाशीं त्याची तुलना होऊं लागली ती मात्र १९७५ पासून. त्या वर्षीं गार्व्ही, हॅनिंक व पॅस्को या ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, योग्य द्रव्य मिसळून स्थिर केलेल्या झिरकोनियांत भेग पुढें सरकूं लागली म्हणजे तिच्या टोंकाशीं असलेले कण रूप पालटून सुमारें चार टक्क्यांनीं फुगतात व भेग दाबून धरतात. डबींत भिजलेले हरभरे फुगून फट बुजवावी, तसाच हा प्रकार. दांतांच्या कामासाठीं त्यांत यिट्रिया मिसळतात. खडूसारख्या मऊ ठोकळ्यांतून यंत्रानें कॅप कोरतात आणि सुमारें १५०० अंश सेल्सिअस उष्णतेंत भाजतात. त्यांत ती एक पंचमांशाच्या आसपास आकसते व अतिशय कठीण होते.

मग बारामतीस फुटलें तें काय? बहुधा झिरकोनिया नव्हे, तर त्यावर चढविलेलें पोर्सलिन, म्हणजे चिनी मातीच्या जातीचें कांचमय द्रव्य. जुना झिरकोनिया खडूसारखा पांढरा व अपारदर्शक दिसे; त्याला खऱ्या दांताची झांक यावी म्हणून वर पोर्सलिनचा लेप देऊन तो पुन्हां भाजण्याची रीत पडली. या लेपाचें बळ आंतल्या गाभ्याच्या मानानें जेमतेम एक दशांश. फुटलेल्या कॅप सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्या असतां बहुतेक वेळां झिरकोनियावर पोर्सलिनचा पातळ थर तसाच चिकटलेला आढळतो. म्हणजे भिंतीवरचा गिलावा पोपडा धरून सुटावा तसा सांधा सुटलेला नसून, वरचें पोर्सलिनच मधून फुटलेलें असतें.

याचीं मुख्य कारणें दोन. तापलेल्या कंदिलाच्या कांचेवर पाण्याचा शिंतोडा उडाला कीं ती तडकते, हें आमच्या भगिनींस ठाऊकच आहे. झिरकोनिया उष्णता फार हळू सोडतो; कॅप भट्टींतून घाईनें बाहेर काढली तर लेपाचा वरचा भाग थंड होऊन घट्ट होतो, आंतला तापलेलाच राहतो, आणि ताण लेपांतच अडकून पडतो. तो डोळ्यांस दिसत नाहीं. दाढेखालीं कठीण घांस येतो तेव्हां प्रकट होतो. दोन्ही द्रव्यें उष्णतेनें जवळजवळ सारख्याच प्रमाणांत प्रसरण पावणारीं असावीं लागतात, म्हणून धातूच्या कॅपवरचें पोर्सलिन येथें चालत नाहीं. दुसरें कारण आधाराचें. गाभा सर्वत्र सारखा पातळ कोरून वर मातीचा जाड थर दिला, तर उंचवट्यांखालीं टेकू राहत नाहीं. गाभ्यासच दाढेचा आकार देऊन लेप सर्वत्र सारखा व पातळ ठेवणें हाच उपाय.

तेव्हां बारामतीच्या भगिनींस फसविलें असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु त्यांस अर्धेंच सांगितलें गेलें. पोलादाची उपमा गाभ्याची. घांस पडतो तो लेपावर. माळेगांव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील कारखान्यांचे गाळप सुरू झालें कीं त्या पट्ट्यांत घरोघरीं ऊंस येतो, आणि जोरानें चावतांना दाढेवर पन्नास किलोंहून अधिक भार पडूं शकतो. अशा दाढेसाठीं वर लेप नसलेली, अखंड झिरकोनियाची कॅपच घ्यावी; मागच्या दाढेस शोभेची गरज ती किती? सध्यांचा टवका लहान असेल तर डॉक्टर तो घासून गुळगुळीत करतील किंवा भरून देतील. सबंध कॅप काढण्याची घाई करूं नये. कॅप घासून बसती केली असेल तर ती पुन्हां चकचकीत करून घ्यावी, कारण खडबडीत पृष्ठभाग समोरच्या दांतास झिजवितो. रात्रीं दांत खाण्याची संवय असल्यास तीही डॉक्टरांस अवश्य सांगावी.

इंदापूरच्या भगिनींस मात्र आमचें स्पष्ट सांगणें आहे कीं, निरोगी दांतांस केवळ रंगासाठीं कॅप बसवूं नये. पुऱ्या कॅपसाठीं दांताचा दिसणारा भाग निम्म्याहून अधिक घासून काढावा लागतो, आणि घासलेला दांत पुन्हां वाढत नाहीं. वीसबावीस वर्षांच्या मुलीस ती कॅप जन्मांत एकदांच नव्हे, अनेकदां बदलावी लागेल. प्रथम दांत स्वच्छ करून घ्यावे. न भागल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखालीं ते उजळून घ्यावे. त्यानेंही समाधान न झाल्यास कांचमय द्रव्याची पातळ चकती चिकटविण्याचा मार्ग आहे. तिच्या पाठीवर आम्लानें खरखरीतपणा आणतां येतो, म्हणून ती दांताच्या वरच्या कठीण कवचाशीं घट्ट बसते व दांत फारच थोडा घासावा लागतो. झिरकोनियांत कांचेचा अंश जवळजवळ नसल्यानें त्यावर हें आम्ल चालत नाहीं.

मुलगी पाहावयास येणाऱ्या मंडळींचें समाधान एका सायंकाळचें. दांत मुलीस उभ्या आयुष्यांत लागावयाचे आहेत. हा निर्णय घेतांना घरांतील वडिलांनीं तिचेंही मत अवश्य विचारावें.