मोडले नाही, उघडले!

गेल्या महिन्यातील गोष्ट. त्या दिवशी ऑफिसातून यायला मला उशीर झाला होता. गाडीला गर्दी, त्यात पाऊस. दार उघडून पाहतो तो काय, खोलीच्या मधोमध वर्तमानपत्र पसरलेले आणि त्यावर माझ्या जी. आय. जोचे डोके, हात, छाती, पाय वेगवेगळे मांडून ठेवलेले. शेजारी आठवीतली माझी मुलगी चष्म्याचे स्क्रू पिळायचा बारीक पेचकस घेऊन बसली होती.

हा प्लास्टिकचा शिपाई साधासुधा नव्हता. १९९१ साली माझ्या वडिलांनी तो दिवाळीच्या बोनसमधून आणला होता. वडील रेल्वेत गँगमन होते. आमच्या घरात दुकानातले, खोक्यातले म्हणावे असे ते पहिले खेळणे. "एवढ्या पैशात पोराला शर्ट आला असता," असे आई चार दिवस म्हणत होती. वडील गेले त्याला आता तीन वर्षे झाली. शिपाई मी ट्रंकेत जपून ठेवला होता.

मागचापुढचा विचार न करता मी मुलीच्या पाठीत धपाटा घातला. ती रडली नाही. एवढेच म्हणाली, "बाबा, मोडला नाही, उघडलाय. आतलं रबर तुटलं होतं."

मी खाली बसून पाहिले. पोरीचे म्हणणे खरे होते. एकही तुकडा तुटलेला नव्हता. स्क्रू हरवू नये म्हणून तिने तो बाटलीच्या झाकणात ठेवला होता. कोणता हात डावा, कोणता उजवा, तेही कागदावर लिहिले होते. तीस वर्षे जे खेळणे मी हातात धरले, त्याच्या पोटात काय आहे हे मला ठाऊक नव्हते. ते तिने अर्ध्या तासात पाहून घेतले.

वाचकहो, ही रचना समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने १९६४ साली जी. आय. जो हा फूटभर उंचीचा शिपाई बाजारात आणला. त्याला 'बाहुली' म्हटले तर मुलगे हात लावणार नाहीत, म्हणून 'अॅक्शन फिगर' हे नाव दिले. १९८२ साली त्याच नावाचे पावणेचार इंची शिपाई आले. पुढे फनस्कूल कंपनीने ते आपल्याकडे काढले. माझा शिपाई त्यातलाच. आपल्याकडच्या शिपायांचे रंग मूळ अमेरिकन शिपायांहून बरेचदा वेगळे असत, म्हणून परदेशातील संग्राहक आज ते शोधत असतात.

या लहान शिपायाच्या पाठीत एकच स्क्रू असतो. तो काढला की छातीचा पुढचा आणि मागचा भाग सुटा होतो. मान आणि दोन्ही दंड या दोन भागांच्या मध्ये नुसते अडकवलेले असतात, ते आपोआप मोकळे होतात. पाय मात्र एका रबरी कड्याला टांगलेले असतात. कड्याचे खालचे टोक पायांमधल्या धातूच्या आकड्यात आणि वरचे टोक छातीतल्या स्क्रूच्या खुंटीवर. म्हणजे एका स्क्रूवर आणि एका रबरावर सारा माणूस उभा! रबर वर्षानुवर्षांनी सुकते, तडकते आणि एक दिवस पाय गळून पडतात. लोक म्हणतात, खेळणे मोडले. प्रत्यक्षात गेलेले असते ते काही रुपयांचे रबर.

दुसऱ्या दिवशी आम्ही बापलेक नळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. जुन्या रबराचा तुकडा सोबत नेला होता. कडे जाड निघाले तर छाती बंद होत नाही, सैल निघाले तर पाय लोंबतात. मापाचे मिळाले आणि शिपाई उभा राहिला. वाटेत मी मुलीला म्हटले, "काल माझं चुकलं." ती म्हणाली, "माझंपण. तुम्हाला विचारायला हवं होतं."

मग तिने मनातले सांगितले. तिला त्या शिपायाचा आजोबा करायचा होता. निळा सदरा, डोक्याला गमछा, हातात रुळाचा हातोडा. कारण घरात आजोबांचा एकच फोटो आहे आणि तोही ओळखपत्रावरचा, मानेपर्यंतचा.

मला काय बोलावे सुचेना. पण वडिलांनी आणलेला शिपाई रंगवायला मन धजेना. शेवटी तोडगा तिनेच काढला. जुना शिपाई दुरुस्त करून ठेवायचा आणि आजोबा घडवायला आठवडी बाजारातून स्वस्तातला, थोडा मोडका बाहुला आणायचा. हा नियम सर्वांनीच लक्षात ठेवावा. जे पुन्हा मिळणार नाही, त्यावर हात साफ करू नये.

बाजारातल्या बाहुल्याला स्क्रू नव्हता. असे बाहुले कारखान्यातच चिकटवून बंद केलेले असतात, ते ओढाताण करून उघडले की सांधाच तुटतो. त्यावर उपाय गरम पाण्याचा. गरम पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवले की प्लास्टिक मऊ होते. मग फडक्यात धरून डोके किंवा हात हळूहळू सरळ ओढला की खुंटीतून सुटतो. गार पाण्यात बुडवला की पुन्हा घट्ट होतो. पाणी ओतण्याचे काम मोठ्या माणसानेच करावे. मेणबत्ती, लायटर यांची आच मात्र कधीही देऊ नये. यातले पुष्कळ प्लास्टिक पी.व्ही.सी. असते. ते जळले की छातीला घातक असा आम्लाचा धूर निघतो. रंग काढायला नेलपेंट रिमूव्हर वापरू नये, त्याने पुष्कळ प्लास्टिक विरघळते. गुडघ्याला, कोपराला धातूची रिबीट असेल तर तिच्या वाटेला जाऊ नये.

सुटे भाग साबणाने धुऊन वाळवले, कारण तेलकट हात लागलेल्या प्लास्टिकवर रंग धरत नाही. बारीक पॉलिश पेपर ओला करूनच घासावा, म्हणजे भुकटी नाकात जात नाही. सांध्यांच्या आतल्या बाजूला रंग लावू नये. तिथे घर्षण होते आणि रंग पापुद्र्यासारखा सुटतो. अॅक्रिलिक रंगाचा एक जाड थर देण्यापेक्षा तीन पातळ थर द्यावेत आणि प्रत्येक थर पुरता वाळू द्यावा. गमछा आम्ही एम-सीलचा केला, हातोडा खराट्याच्या काडीचा.

बाहुला गुलाबी रंगाचा होता. मुलीने त्याला आजोबांचा सावळा रंग दिला आणि बराच वेळ पाहत बसली. "रंग झाला बाबा, पण हे आजोबा नाहीत. नाक दुसऱ्याचंच आहे."

पोर सहज बोलून गेली, पण मला वाचलेले आठवले. १९६५ साली हॅस्ब्रोने काळा शिपाई काढला, तेव्हा चेहऱ्याचा साचा गोऱ्या शिपायाचाच ठेवला, प्लास्टिक तेवढे तपकिरी घेतले. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत काळ्या जनतेचा मोठा उठाव झाला. त्यानंतर तिथल्या कार्यकर्त्यांनी १९६८ साली स्वतःचा खेळण्यांचा कारखाना काढला. नाव ठेवले 'शिंदाना', म्हणजे स्वाहिली भाषेत स्पर्धा करणे. गोऱ्या बाहुलीला काळा रंग फासायचा नाही, नाक, ओठ, केस आपल्या लेकरांसारखे घडवायचे, हे त्यांचे धोरण. कारखाना १९८३ साली बंद पडला. पण त्यांची 'बेबी नॅन्सी' ही बाहुली २०२० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय खेळणी सन्मान दालनात दाखल झाली. दुसऱ्याच्या साच्यावर नुसता आपला रंग चढवून माणूस आपला होत नाही, हे त्या माणसांनी ओळखले होते आणि माझ्या मुलीनेही.

मग एम-सीलची चिमूट घेऊन तिने नाक रुंद केले, मिशा बसवल्या. हे मिश्रण लवकर कडक होते, म्हणून थोडे थोडेच कालवावे आणि हात लगेच धुवावेत. तीन वेळा बिघडले, चौथ्यांदा जमले.

आता जे आईवडील हे वाचत असतील त्यांना एक विनंती. मुलाने खेळणे उघडले तर आधी हात उचलू नका, जवळ बसा. पेचकस कुठे ठेवलास, स्क्रू किती निघाले, आत काय दिसले, हे विचारा. आपल्या घरात वस्तू कष्टाच्या पैशाने येते, म्हणून जीव वर-खाली होतो, हे मी जाणतो. पण यंत्र उघडून पाहायची भीती मोडली, तर त्याची किंमत एका खेळण्यापेक्षा मोठी आहे. आणि हे काम मुलग्याचेच असे समजू नका. एक पथ्य मात्र पाळा. उघडलेली, रंगवलेली खेळणी तीन वर्षांखालच्या लेकराच्या हाती देऊ नका. सुटा तुकडा घशात अडकू शकतो. नवीन खेळणे घेताना आय.एस.आय. खूण पाहा. १ जानेवारी २०२१ पासून ती बंधनकारक आहे.

आजोबा तयार झाले तेव्हा आम्ही ते आईसमोर नेऊन ठेवले. आईने चष्मा लावला. पुष्कळ वेळ काही बोलली नाही. गमछ्यावरून बोट फिरवले. मग म्हणाली, "हातोडा उजव्या हातात दिलात होय? ते डावरे होते गं."

मुलीने माझ्याकडे पाहिले. हातोडा चांगला घट्ट चिकटवलेला होता. मी उठलो आणि पाणी तापत ठेवले.