घराच्या भिंती आणि आपली छाती : ब्रिटनच्या एका योजनेबद्दल

हिवाळ्यात मुलाकडे किंवा मुलीकडे इंग्लंडला राहून आलेले पेशंट पुष्कळदा सांगतात, “डॉक्टर, बाहेर जॅकेट घालून फिरताना काही वाटायचं नाही, पण घरातच थंडी वाजायची. हीटर लावायचा तर बिलाची भीती. आणि खोकला काही थांबायचा नाही.” इतक्या श्रीमंत देशात लोक घरात कुडकुडत बसतात, यावर आपला विश्वास बसत नाही. पण ते खरं आहे. यावर उपाय म्हणून तिथल्या सरकारने एक वेगळी वाट धरली होती : जी कंपनी वीज आणि गॅस विकते, तिनेच गरिबांची घरं दुरुस्त करून द्यायची, म्हणजे त्यांना वीज-गॅस कमी लागेल. 2025 च्या नोव्हेंबरमधल्या अर्थसंकल्पात ही योजना गुंडाळण्याची घोषणा झाली. माझ्या मते रोगाचं निदान बरोबर होतं, औषधही बरोबर होतं. ते देण्याची पद्धत चुकली, आणि शिक्षा मात्र औषधालाच झाली.

थंड घरात शरीराचं काय होतं?

थंडी लागली की शरीर आतली ऊब राखण्यासाठी त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतं. त्यामुळे रक्तदाब वाढतो, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, रक्त थोडं दाट होतं आणि गुठळी होण्याची शक्यता वाढते. तरुण माणूस हे निभावून नेतो. सत्तरीच्या, रक्तदाब आणि मधुमेह असलेल्या माणसाला याच काळात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊ शकतो. थंड हवेने श्वासनलिका आकसतात, म्हणून दमा आणि सीओपीडीचे पेशंट बेजार होतात. बोटं आणि सांधे आखडल्याने म्हातारी माणसं पडतात, ते वेगळंच.

जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली घर आणि आरोग्य या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. थंड प्रदेशांत घरातलं तापमान निदान 18 अंश सेल्सिअस असावं, असं त्यात म्हटलं आहे. आपल्याला 18 अंश म्हणजे हुडहुडी वाटते, पण ब्रिटनमध्ये कित्येक घरांत तेवढीही ऊब नसते. तिथली पुष्कळ घरं शंभर वर्षांपूर्वीची, एकसंध विटांच्या भिंतींची आहेत. आत पेटवलेल्या हीटरची ऊब भिंतीतून आणि छतातून बाहेर निघून जाते. गळक्या हंड्यात पाणी भरावं तसा हा प्रकार.

कंपनीवर घराची जबाबदारी

ही कल्पना तिथे 1994 पासून वेगवेगळ्या नावांनी चालत आली. 2013 च्या जानेवारीत तिला ‘एनर्जी कंपनी ऑब्लिगेशन’, थोडक्यात ‘इको’, हे रूप मिळालं. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या मोठ्या वीज-गॅस पुरवठादारांना सरकारने उद्दिष्ट ठरवून दिलं : इतक्या घरांच्या भिंतींना आणि छतांना ऊब धरून ठेवणारा थर, म्हणजे इन्सुलेशन, बसवा; जुने बॉयलर बदला. ऑफजेम ही नियामक संस्था त्यावर देखरेख ठेवते. उद्दिष्ट चुकलं तर दंड. अशा रीतीने 20 लाखांहून अधिक घरांत काम झालं.

डॉक्टर म्हणून मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. 2022 पासूनच्या टप्प्यात एक सोय होती. उत्पन्न कमी आहे आणि घरात हृदयाचा किंवा श्वसनाचा जुना आजार असलेलं, प्रतिकारशक्ती कमी झालेलं किंवा हालचाल मर्यादित असलेलं कुणी आहे, अशा कुटुंबाची शिफारस डॉक्टर करू शकत. म्हणजे पंप आणि गोळ्यांच्या जोडीला डॉक्टरला जणू भिंतीचं इन्सुलेशनही लिहून देता येत होतं!

याचा उपयोग होतो का? याचं एक चांगलं उत्तर न्यूझीलंडमधून मिळालं आहे. तिथे 1350 घरांतल्या 4400 हून अधिक लोकांचा अभ्यास झाला. प्रत्येक घरात श्वसनाचा त्रास असलेलं निदान एक माणूस होतं. निम्म्या घरांना आधी इन्सुलेशन बसवलं, उरलेल्यांना अभ्यास संपल्यावर. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 2007 साली निष्कर्ष आले. झोपायच्या खोलीचं तापमान सरासरी फक्त अर्ध्या अंशाने वाढलं होतं आणि दमटपणा थोडा कमी झाला होता. पण तेवढ्यानेही छातीत घरघर होण्याच्या तक्रारी कमी झाल्या, मुलांच्या शाळा कमी बुडाल्या, मोठ्यांच्या कामावरच्या रजा कमी झाल्या.

मग चुकलं कुठे?

भिंत नुसती गुंडाळून भागत नाही. स्वयंपाक, आंघोळ, वाळत घातलेले कपडे, आपला श्वास या सगळ्यांतून घरात रोज कित्येक लिटर पाण्याची वाफ तयार होते. पूर्वी ती फटींतून निघून जायची. फटी बंद केल्या आणि हवा खेळती राहण्याची सोय केली नाही, तर ती वाफ उरलेल्या थंड कोपऱ्यांवर पाणी होऊन बसते. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून घाम येतो, तसंच. बाहेरून लावलेल्या थराच्या कडा नीट बंद केल्या नाहीत, तर पावसाचं पाणी मागे शिरतं आणि भिंत वाळतच नाही. त्या ओलीवर काळी बुरशी येते. तिचे बारीक कण श्वासात गेले की ॲलर्जी, दमा, सर्दी-खोकला यांना आमंत्रण.

2025 च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसचा अहवाल आला. या योजनेत आणि तिच्या जोडयोजनेत बाहेरून इन्सुलेशन बसवलेल्या घरांपैकी 98 टक्के घरांत दुरुस्ती न केल्यास ओल आणि बुरशी होईल असे मोठे दोष आढळले. आतून बसवलेल्यांत हे प्रमाण 29 टक्के होतं. ज्यांची छाती वाचवायची, त्यांच्याच घरात ओल शिरली!

याचं मूळ मला मोजपट्टीत दिसतं. कंपन्यांचं उद्दिष्ट वार्षिक बिलात किती बचत होईल, या हिशेबात मोजलं जात होतं. घर किती अंश उबदार झालं, भिंत कोरडी राहिली का, दम्याच्या पेशंटला बरं वाटलं का, हे मोजलं जात नव्हतं. काम कंपनीकडून कंत्राटदाराकडे, तिथून उपकंत्राटदाराकडे जाई आणि तपासणी ढिली. आम्ही रक्तदाबाच्या किती गोळ्या वाटल्या एवढंच मोजलं आणि रक्तदाब कधी तपासलाच नाही, तर जे होईल तेच इथे झालं.

पण औषध बंद करायचं का?

योजना गुंडाळण्यामागे सरकारचं म्हणणं सोपं होतं. तिचा खर्च सगळ्यांच्या बिलातून वसूल होत होता, तो काढला की बिल कमी होईल. घरांसाठी सरकारी तिजोरीतून जादा दीड अब्ज पौंड दिले जातील. या म्हणण्यात तथ्य आहे. बिलातून वसुली म्हणजे गरिबाच्याही खिशाला हात. श्रीमंत जास्त कर भरतो, म्हणून करातून खर्च करणं अधिक न्याय्य.

तरीही मला काळजी वाटते. कंपनीवरचं बंधन कायद्याचं होतं, त्यातून पळता येत नव्हतं. सरकारी तिजोरीतला पैसा दर अर्थसंकल्पात कमी-जास्त होतो. 2013 च्या अखेरीला बिलं कमी करण्यासाठी या बंधनाला एकदा कात्री लावली होती. त्यानंतर इन्सुलेशनची कामं एकदम घटली, आणि 2022 मध्ये गॅस महागला तेव्हा ती थंडगार घरं तशीच उभी होती.

चुकीच्या डोसमुळे पेशंटला त्रास झाला, तर आपण डोस सुधारतो, तपासण्या वाढवतो. औषधाचा कारखाना बंद करत नाही. बंधन ठेवायचं, पण खेळत्या हवेची सोय केल्याशिवाय काम पूर्ण मानायचं नाही, तपासणी स्वतंत्र माणसाकडून करायची आणि एका हिवाळ्यानंतर घराचं तापमान व दमटपणा मोजूनच पैसे चुकते करायचे, असा बदल मला योग्य वाटला असता.

तिकडे राहणाऱ्यांनी आणि जाणाऱ्यांनी काय करावं?

• वृद्ध माणसं, तान्ही बाळं, हृदयरोगी आणि दमेकरी राहतात त्या खोलीत 18 अंशांपेक्षा कमी तापमान होऊ देऊ नका. तापमान आणि दमटपणा दाखवणारं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं.
• दमटपणा शक्यतो 40 ते 60 टक्क्यांत ठेवा. भांड्यावर झाकण, स्वयंपाक आणि आंघोळीच्या वेळी पंखा चालू. खिडक्यांवरच्या हवेच्या झडपा थंडीच्या भीतीने बुजवू नका.
• बंद खोलीत रेडिएटरवर कपडे वाळवू नका. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका.
• बुरशीवर नुसता रंग मारू नका. ओल कुठून येते ते शोधा. फोटो काढून घरमालकाला लेखी कळवा. इंग्लंडमधल्या सामाजिक घरांसाठी 27 ऑक्टोबर 2025 पासून ‘अवाब्ज लॉ’ लागू झाला आहे. रॉचडेलमध्ये बुरशीच्या घरात राहून दोन वर्षांचं एक बाळ 2020 साली गेलं, त्याच्या नावाचा हा कायदा. घरमालकाला ठरलेल्या मुदतीत तपासणी आणि दुरुस्ती करावीच लागते.
• इन्सुलेशन झालेल्या घरात नवीन ओल दिसली, तर काम करणाऱ्यांकडे आणि हमी देणाऱ्यांकडे लगेच लेखी तक्रार करा.
• इकडून हिवाळ्यात जाणाऱ्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या आणि दम्याचे पंप पुरेसे न्यावेत. तिकडेही रक्तदाब मोजत राहावं, कारण थंडीत तो वाढू शकतो. डोस मात्र आपल्या मनाने बदलू नये.

आणि खोकला तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर डॉक्टरांना लक्षणांबरोबर घराबद्दलही सांगा : भिंत ओली आहे का, खोली किती थंड असते, बाहेर गेल्यावर बरं वाटतं का. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. कित्येकदा निदान तिथेच सापडतं.