जहाजावर चढलेल्या कैद्याची किंमत: १७ पौंड ७ शिलिंग ६ पेन्स

१/ 'काळे पाणी' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे अंदमान उभे राहते. परंतु समुद्रापार हद्दपारीची ही शिक्षा ब्रिटिश सत्तेने त्याच्या कितीतरी आधी स्वतःच्याच प्रजेवर आजमावली होती. १७८८ ते १८६८ या ८० वर्षांत सुमारे १,६२,००० कैदी ऑस्ट्रेलियात धाडले गेले. त्यांतील जे वाटेतच मेले, त्यांना नेमके कोणी मारले, हा या धाग्याचा विषय.

२/ आधी पार्श्वभूमी. १७१८ च्या कायद्यानंतर ब्रिटनमधील कैदी अमेरिकेतील वसाहतींत पाठवले जात. किरकोळ चोरीलाही सात वर्षांची हद्दपारी होई. १७७५ मध्ये अमेरिकेत युद्ध पेटले आणि ही वाट बंद झाली. तुरुंग ओसंडू लागले. थेम्स नदीत नांगरलेल्या जुन्या जहाजांत कैदी कोंबले जाऊ लागले. अखेर १७८६ मध्ये न्यू साउथ वेल्सची निवड झाली.

३/ १३ मे १७८७ रोजी पोर्ट्समथहून ११ जहाजांचा पहिला ताफा निघाला. प्रवास आठ महिन्यांहून अधिक आणि मुक्कामाचे ठिकाण जवळपास अपरिचित. परंतु ताफ्याचे प्रमुख आर्थर फिलिप यांनी अन्नासाठी सरकारशी हुज्जत घातली आणि रिओ व केप टाउन येथे ताजे मांस, भाजीपाला भरून घेतला. सुमारे १,४०० प्रवाशांपैकी मृत्यू पन्नासच्या आत राहिले.

४/ जानेवारी १७९० मध्ये नेपच्यून, सरप्राइज आणि स्कारबरो ही तीन जहाजे सुमारे एक हजार कैद्यांना घेऊन निघाली. मार्ग आता माहीत होता, प्रवासही पाच महिन्यांचाच झाला. तरी जूनअखेर सिडनीला पोहोचेपर्यंत जवळपास एक चतुर्थांश कैदी मेले होते. एकट्या नेपच्यूनवर सुमारे ५०० पैकी दीडशेहून अधिक.

५/ पाद्री रिचर्ड जॉन्सन सरप्राइजच्या तळात उतरले, तेव्हा अर्धनग्न माणसे अंथरुणाविना पडलेली होती; अनेकांना कूस बदलण्याचेही त्राण नव्हते. काही जण मोकळ्या हवेत आणताच गतप्राण झाले. जे किनाऱ्याला लागले, त्यांतील शेकडो जण आजारी होते. सोबत्याच्या वाट्याचा शिधा मिळत राहावा म्हणून त्याचा मृत्यू लपवून प्रेताशेजारी पडून राहणारेही कैदी होते.

६/ अशा कथेला खलनायक लागतो, आणि तो सहज सापडतो: नेपच्यूनचा कॅप्टन डोनाल्ड ट्रेल. त्याच्यावर १७९२ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात खुनाचा खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. क्रूर कप्तान आणि आंधळा न्याय, एवढ्यावर बहुतेक वर्णने थांबतात. पण ट्रेल क्रूर होता असे मानले, तरी बाकीच्या दोन जहाजांवरील मृत्यूंचे काय?

७/ उत्तर कंत्राटात आहे. हे काम लंडनच्या कॅम्डन, कॅल्व्हर्ट अँड किंग या गुलामांच्या व्यापारात मुरलेल्या कंपनीकडे होते. सरकारने दर ठरवला तो जहाजावर चढवलेल्या प्रत्येक कैद्यामागे १७ पौंड ७ शिलिंग ६ पेन्स. किती कैदी जिवंत उतरले याच्याशी या रकमेचा संबंध नव्हता. बेड्याही गुलामांच्या जहाजांवरील, चालणे मुश्कील करणाऱ्या.

८/ याच ताफ्यातून आलेला सैन्याधिकारी विल्यम हिल याने हे गणित अचूक ओळखले. या प्रवासापुढे गुलामांचा व्यापारही दयाळू वाटतो, असे त्याने पत्रात लिहिले. तिथे निदान माल जिवंत पोहोचण्यात मालकाचे हित असते. इथे कैदी जितक्या लवकर मरेल, तितका त्याचा शिधा उरतो आणि पुढच्या बंदरात विकता येतो.

९/ सर्वांत बोलका पुरावा स्कारबरो जहाजाचा. हे जहाज पहिल्या ताफ्यातही होते आणि दोन्ही वेळा कॅप्टन एकच होता, जॉन मार्शल. पॅसिफिकमधील मार्शल बेटांना ज्याचे नाव आहे तोच. दुसऱ्या फेरीत त्याच्या जहाजावरील सुमारे अडीचशे कैद्यांपैकी सत्तरच्या आसपास मेले. बंडाच्या कटाचा सुगावा लागल्याने पहारा कडक झाला होता, हे खरे. परंतु जहाज तेच, कप्तान तोच, समुद्र तोच. बदलले होते कंत्राट.

१०/ इथून दुसरी दंतकथा सुरू होते. सरकारने चढलेल्यांऐवजी जिवंत उतरलेल्यांचे पैसे देणे सुरू केले आणि मृत्यू एकाएकी थांबले, अशी ही गोष्ट अर्थशास्त्राच्या व्याख्यानांत आवडीने सांगितली जाते. गोष्ट सुबक आहे, पण अर्धवट आहे.

११/ १७९८ च्या अखेरीस हिल्सबरो जहाज ३०० कैदी घेऊन निघाले. जिवंत उतरवलेल्या प्रत्येक कैद्यामागे जादा रकमेची तरतूद तेव्हा झालेली होती. तरीही ९५ कैदी मेले. नांगरलेल्या तुरुंग-जहाजांतून आलेला टायफस त्यांच्यासोबतच जहाजावर चढला होता. पैशाचे आमिष होते. पण आजारी माणसाला चढू न देण्याचा आणि कप्तानाला अडवण्याचा अधिकार असलेला माणूस नव्हता.

१२/ १८१४ मध्ये पुन्हा तीन जहाजे रोगराई घेऊन सिडनीला आली. त्यांपैकी जनरल ह्युइटवर ३०० पैकी ३४ कैदी मेले होते. गव्हर्नर मॅक्वारी यांनी चौकशी विल्यम रेडफर्न या डॉक्टरकडे सोपवली. हा डॉक्टर स्वतः माजी कैदी होता. १७९७ च्या नोर येथील नाविक बंडात सामील झाल्याबद्दल त्याला हद्दपार केले गेले होते. जहाजाचा तळ त्याने कैदी म्हणून भोगला होता.

१३/ त्याच्या अहवालाने हवा, स्वच्छता, कपडे, शिधा आणि डेकवरील वावर यांविषयी नेमक्या सूचना केल्या. सर्वांत महत्त्वाची सूचना अशी, की जहाजावरचा डॉक्टर सक्षम असावा आणि सरकारचा प्रतिनिधी म्हणून त्याला अधिकार असावेत. १८१५ पासून नौदलाचे शल्यवैद्य असे नेमले जाऊ लागले. कप्तानांशी खटके उडाले, पण त्यांची रोजनिशी सरकारकडे जाई. पुढे नौकाभंगाच्या दुर्घटना वगळता मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले.

१४/ याने शिक्षा न्याय्य झाली नाही. जिवंत पोहोचलेला कैदी सक्तमजुरीलाच जुंपला जाई, आणि ज्या भूमीवर तो उतरे ती इओरा व इतर मूळ रहिवाशांकडून हिरावलेली होती. जहाजे सुरक्षित झाली तशी ही वसाहतही वेगाने फोफावली.

१५/ म्हणून दुसऱ्या ताफ्याचा इतिहास एका क्रूर कप्तानाचा नाही, आणि त्यानंतरचा इतिहास एका हुशार कंत्राटाचाही नाही. लंडनच्या कार्यालयात दर ठरवणाऱ्यांनी कोणाला बेड्या ठोकल्या नाहीत, कोणाचा घास काढला नाही. तरी मृत्यूची सोय त्यांच्याच सहीने झाली. त्यांच्यावर खटला चालला नाही. अशा प्रत्येक प्रकरणात दोन प्रश्न आधी विचारायला हवेत: पैसा नेमका कशासाठी मिळत होता, आणि तळात उतरून पाहण्याचा अधिकार कोणाला होता?

(धागा समाप्त)