आदर्श शोधायला किती दूर जायचे?

कांद्याचा भाव, मुळा धरणाचे पाणी, उसाचे पैसे: राहुरीचे वर्ष याच बोलण्यात सरले. त्यावरचे लेख पुढच्या पानांत आहेत. संपादकीयाची जागा मात्र वर्षभर खटकत राहिलेल्या एका गोष्टीसाठी राखली आहे.

तालुक्यातल्या ख्रिस्ती मंडळींमधल्या तरुणांना आदर्श कोण, असे विचारले की बहुधा मोबाइलवर दिसणाऱ्या उपदेशकांची नावे पुढे येतात. भव्य व्यासपीठ, झगमगते दिवे, दारात मोठी गाडी. यालाच आशीर्वाद मानायचे आणि तो आपल्या वाट्याला कधी येणार म्हणून झुरायचे! प्रेरणेच्या नावाखाली चाललेला हा उघड हेवा आहे. शेजारच्या मंडळीने नवे स्पीकर आणले की इकडे वर्गणी सुरू होते. एखाद्या मुलीचे गाणे सर्वांना भावले की गाणाऱ्यांतच कुजबुज होते. शौल राजाचे असेच झाले. बायकांनी गाण्यात दावीदाला जास्त मान दिला, एवढे निमित्त त्याला भाला उचलायला पुरले.

आणि ज्या गावात हे चालते, त्या गावात कोण राहून गेले?

कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे काही काळ त्यांचा संसार राहुरीत होता. धर्मांतरामुळे दुरावलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या होत्या, पण त्यांचे सोवळे सुटले नव्हते. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला, हा विचार त्यांच्या मनात राहुरीतच पक्का झाला आणि त्या कुणाच्याही हातचे खाऊ लागल्या. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागून निमूट जाणे त्यांना सहज जमले असते; त्यांनी पाच वर्षे स्वतःच्या मनाशी झगडून निर्णय घेतला.

टिळकांचा आदर्श तरी कोण? तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते सांगत. परदेशी मिशनऱ्यांमध्ये वावरूनही त्यांनी मंडळीला अभंग दिले, इथल्या मातीची भक्ती दिली.

१९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाने सगळ्यांना जिंकले आणि तो ‘बालकवी’ झाला. टिळक तेव्हा नावाजलेले कवी, वयाने जवळजवळ तीस वर्षांनी मोठे. आपल्यापुढे निघू शकेल अशा या मुलाला त्यांनी नगरला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखे सांभाळले. बायबलमध्ये बर्णबानेही असेच केले: तार्सास जाऊन शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, शोधून अंत्युखियास आणले. पुढे पौलाचेच नाव मोठे झाले. दुसऱ्याच्या गुणाला जागा करून देणारी ही माणसे आज मंडळीला हवी आहेत.

लक्ष्मीबाईंची आत्मकथा ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्यांत टिळकांचा संताप आहे, अचानक घर सोडून निघून जाणे आहे, हातातला पैसा वाटून टाकणे आहे आणि तरीही त्या माणसावरची माया आहे. आदर्श असा उघड्या डोळ्यांनी निवडावा लागतो. ज्याच्या घरातली भांडणे आणि उधारी ठाऊक आहे, त्याचा हेवा वाटत नाही. त्याने त्यातूनही काय उभे केले, ते मात्र दिसते. पडद्यावरच्या उपदेशकाची फक्त चकचकीत बाजू दिसते आणि ती पाहून तरुणांना स्वतःचे आयुष्य फिके वाटू लागते. जेमतेम शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी टिळकांचे अपुरे महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ ६४ अध्याय लिहून पुढे नेले. गद्य लिहिताना त्यांनी कविवर्य नवऱ्याची भाषा उसनी घेतली नाही, आपली घरगुती मराठीच वापरली. प्रेरणा घेणे म्हणतात ते याला.

यंदाच्या अंकाचा विषय ‘प्रकाशवाटा’ आहे आणि पहिला मान राहुरीत राहून गेलेल्या या दांपत्याला दिला आहे. मंडळींच्या पंचांना आणि तरुण संघांना कळकळीची विनंती आहे: नाताळच्या कार्यक्रमांत एक संध्याकाळ ‘स्मृतिचित्रे’च्या वाचनाला द्या. गावातली एखादी परिचारिका, शिक्षिका किंवा पाळक मुलांसमोर बोलावून त्यांचे काम त्यांच्याच तोंडून ऐकवा आणि ते लिहून आमच्याकडे पाठवा. पुढच्या दिवाळीत त्यासाठी पाने राखून ठेवली आहेत.