बाळंतिणीचा चार्ज

बँकेत एखाद्या अधिकाऱ्याची बदली झाली की शाखेत दोन दिवस दुसरे काही सुचत नाही. तिजोरीच्या किल्ल्या, सोनेतारणाची पाकिटे, कोऱ्या ड्राफ्टची पुस्तके, सगळे मोजायचे, नोंदवहीत लिहायचे आणि दोघांच्या सह्या झाल्या की मगच जाणारा जायचा. एका पाकिटाचा मेळ लागेना म्हणून निरोपसमारंभ खोळंबलेला मी पाहिला आहे. आणि हाच आपला काटेकोर मध्यमवर्ग बाळंतपणात एक जिवंत बाई या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे सोपवतो, ती प्लास्टिकच्या पिशवीतल्या सोनोग्राफीच्या कागदांवर!

पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत वाईट नाही. निदान सव्वा महिना तरी तिला हातात गरम ताट मिळते. पण रीत पडली तेव्हा दोन्ही गावांत सुईणच होती. आज पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीची एक डॉक्टर पुण्यात, आठव्या महिन्यात ती सांगलीला किंवा नांदेडला गेली की दुसरी, बाळाचा तिसरा, आणि बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर परतली की पुन्हा नवा शोध.

आमच्या नात्यातल्या एका मुलीचे असेच झाले. बाळ झोपले तरी ही जागीच. त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायचा, पाच मिनिटांनी पुन्हा बघायचा. जिना उतरताना बाळ हातून निसटल्याचे चित्र डोळ्यांपुढे येई आणि असले मनात येतेच कसे, या विचाराने ती अधिकच घाबरे. घरात निदान ठरलेले होते : ‘पहिलटकरीण आहे, होते असे.’ माहेरच्या वयस्क डॉक्टरीणबाईंनी मात्र टाके तपासता तपासता ‘झोप लागते का गं?’ एवढेच विचारले आणि ती अर्धा तास रडली. त्यांनी तिला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवले, गोळी सुरू झाली, मुलगी सावरू लागली. मग परतीचे तिकीट काढले गेले आणि छातीतली धडधड पुन्हा सुरू झाली. ‘डॉक्टर काय, पुण्यात पैशाला पासरी,’ असे सगळे म्हणत होते. ती मला म्हणाली, ‘काका, सगळं परत पहिल्यापासून सांगायचं? आणि नव्या बाईंनी मलाच वेडी ठरवलं तर?’

ही भीती आजाराचा भाग म्हणून सोडून द्यावी असे मला वाटत नाही. नव्या डॉक्टरांनी चिठ्ठी पाहिली, ‘अंगावर पाजतेस ना?’ म्हणाल्या आणि गोळी एकदम बंद केली. दहा दिवसांत ती होती तिथे परत. गोळी सर्ट्रालिनची होती. हे औषध दुधात फार थोडे उतरते आणि पाजणाऱ्या आईला बहुधा चालते, असे आजचे वैद्यकीय मत आहे. सांगलीचे हे कारण पुण्याच्या कागदावर आलेलेच नव्हते.

गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात २७० गरोदर बायकांची पाहणी झाली. ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के जणींना नैराश्य आढळले. पाहणी नैराश्याची होती, पण चिंता बहुधा त्याच्याच हाताला धरून येते. माझे लक्ष पुढच्या आकड्यावर खिळले : त्या आजारी बायकांपैकी ७८ टक्के जणींची मनःस्थिती गरोदरपणातच बरीच बिघडलेली होती. म्हणजे खूण दिसते ती पहिल्या डॉक्टरसमोर, आणि आपल्या रीतीप्रमाणे मागे राहते तीही पहिलीच डॉक्टर.

पुढे विचारायचे कोणी? दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशा कार्यकर्तीच्या सहा फेऱ्या ठरलेल्या आहेत, त्या ४२व्या दिवशी संपतात. बाळासाठी पुढची फेरी तिसऱ्या महिन्यात. नेमक्या या मधल्या काळात मुलगी गाव बदलते. शहरी फ्लॅटमध्ये तर आशा फारशी पोचतच नाही. पण बालरोगतज्ज्ञ सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात लस टोचतोच. बाळ आईच्या मांडीवर असते. वजन होते ते बाळाचे. १९८७ साली एडिंबरामध्ये तयार झालेली प्रश्नावली अवघ्या दहा प्रश्नांची आहे, त्यांतले तीन तर विनाकारण अपराधी वाटणे, काळजी आणि धास्ती यांविषयीच आहेत. लस टोचेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून ती भरता येईल. त्याला खर्च कसला?

तोवर चार्ज घरच्यांनीच घ्यावा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यास कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. ती निघण्याआधी मागावीत. आजार काय, गोळी कोणती, कधीपासून आणि पाजत असतानाही ती का दिली, एवढे जुन्या डॉक्टरांकडून एका पानावर लिहून घ्यावे. नव्या डॉक्टरांची वेळ तिकिटाच्या आधी ठरवावी, मधल्या दिवसांच्या गोळ्या बरोबर असाव्यात आणि परस्पर बंद करू नयेत. रात्री-अपरात्री घाबरे झाले तर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर आहे, ती मराठीतही बोलते. मात्र स्वतःला किंवा बाळाला इजा करावीशी वाटू लागली, किंवा ती भलतेच बरळू लागली, तर फोन करीत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.

आमच्या मुलीसाठी शेवटी सांगलीच्या बाईंनीच पुण्याला फोन लावला. दोन्ही डॉक्टर सात-आठ मिनिटे बोलल्या. गोळी दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाली.