कारागिराच्या हत्यारांना हौद्यात जागा हवी

कर्ज थकले आणि घरावर जप्ती आली तरी कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत, असे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० सांगते. शेतकऱ्याची अवजारे, चरितार्थास आवश्यक तेवढी जनावरे आणि बियाणे यांनाही तेच संरक्षण आहे. माणसाच्या हातातले साधन काढून घेतले की त्याचे श्रम निरुपयोगी होतात, एवढे परकीय सत्तेच्या कायद्यालाही उमगले होते. परंतु ज्या हत्यारांना बेलिफ हात लावू शकत नाही, ती आज रस्त्याकडेला उभ्या असलेल्या पिकअपच्या हौद्यातून एका रात्रीत नाहीशी होतात. आणि त्याबद्दल कोणाला काही वाटत नाही.

२००५ साली टाटा एस बाजारात आली. लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हटले. तिच्याबरोबर आणि तिच्याहून मोठ्या पिकअप गाड्यांबरोबर एक नवा कारागीरवर्ग रस्त्यावर आला. पाणबुडी पंप काढणारे, नळकाम आणि वीजकाम करणारे, ग्रिल व पत्र्याच्या शेडची कामे घेणारे, अशा सर्वांचा कारखाना म्हणजे ही गाडीच. पण कंपनी जो हौदा देते तो केवळ माल भरण्यासाठी असतो. खाली पत्रा, भोवती फाळके आणि दोर बांधायला आकडे! ड्रिल, ग्राइंडर, पाने, चेनकप्पी, वायरची भेंडोळी हे सारे गोणपाटात आणि वरून ताडपत्री. रात्री जिने चढून हत्यारे खोलीवर न्यायची, किंवा नशिबावर हवाला ठेवून झोपायचे. वाहनाचा विमा हौद्यातील हत्यारे भरून देत नाही. चोरी झाली की कारागिराचे दुहेरी नुकसान होते. हत्यारे जातात, आणि नवी घेईपर्यंत मजुरीही बुडते.

याहून गंभीर गोष्ट अशी की, हत्यारे राखण्यासाठी अनेकदा मदतनीस पोराला हौद्यात बसविले जाते. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसे वाहून नेण्यास कायदा परवानगी देत नाही, आणि जोराचा ब्रेक लागला की न बांधलेली चेनकप्पी प्रथम त्याच्याच अंगावर येते. जे काम एका कुलपाने व्हावे ते जिवंत माणसाकडून करवून घेतले जाते, कारण माणूस कुलपाहून स्वस्त आहे.

हा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे काय? मुळीच नाही. अमेरिकेत फोर्डने १९२५ मध्ये कारखान्यातूनच हौदा बसविलेली पहिली पिकअप २८१ डॉलरला विकली. पुढे तेथे कारागिरांसाठी कुलूपबंद जोडपेट्या बनविण्याचा स्वतंत्र धंदाच उभा राहिला. २००५ मध्ये होंडाने रिजलाइन या गाडीत हौद्याच्या तळाखालीच कुलूपबंद कप्पा दिला. काही वर्षांतच डॉज रॅमच्या हौद्याच्या दोन्ही भिंतींत बंद पेट्या आल्या. म्हणजे उत्पादकाने मनावर घेतले तर सोय होते. परंतु ज्याच्या खिशात पैसा आहे त्याच्यासाठीच तो मनावर घेतो, हाही या इतिहासाचा धडा आहे.

सुरक्षितता आणि सुलभता यांत विरोध आहे, अशी एक समजूत आहे. वस्तुतः ज्या पेटीचे कुलूप उघडायला त्रास होतो, ती दिवसा उघडीच राहते. एका पान्यासाठी वरचे सगळे सामान उपसावे लागले तर तो पाना दुसऱ्या दिवशी पेटीबाहेरच पडलेला दिसेल. म्हणून पेटी कारागिराच्या हालचालींवरून आखली पाहिजे. बाजूने जमिनीवर उभे राहून उघडता यावी. दर तासाला लागणारी हत्यारे कमरेच्या उंचीला असावीत. जड वस्तू खाली, केबिनच्या बाजूला आणि घट्ट अडकवलेल्या असाव्यात. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या सूत्रानुसार सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही उचलण्याच्या वजनाची मर्यादा २३ किलो आहे, आणि ओझे शरीरापासून जितके दूर तितकी ती घटते. फाळक्यावरून वाकून पंप ओढणाऱ्याच्या कंबरेला हे सूत्र शिकविण्याची गरज नाही.

चोराविरुद्धचे उपायही साधे आहेत. बिजागऱ्या आतल्या बाजूस असाव्यात, पेटी हौद्याला आवळणारे बोल्ट पेटी उघडल्याशिवाय हाती लागू नयेत, आणि पहार घालता येणार नाही असे कुलपाभोवती पोलादी आवरण असावे. पावसाळ्यासाठी झाकणाला रबराची कड आणि तळाला निचऱ्याची भोके हवीत. वेल्डिंगच्या गॅसच्या टाक्या मात्र बंद पेटीत कधीही ठेवू नयेत. साठलेला गॅस एका ठिणगीने पेट घेतो. त्या उघड्यावर, उभ्या आणि साखळीने बांधलेल्याच असाव्यात. आणि वजनाचा हिशेब विसरता येत नाही. ७५० किलो वाहणाऱ्या गाडीत ८० किलोची पेटी म्हणजे वहनक्षमतेचा दहाव्याहून अधिक भाग गेला.

मग नाक्यावरच्या वेल्डरकडून पेटी ठोकून घ्यावी, असे कोणी म्हणेल. पण मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ आराखड्यात बदल करण्यास मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई ठामपणे उचलून धरली. जोडलेली पेटी हे सामान की फेरबदल, हा वाद कारागिराने रस्त्यावरच्या अधिकाऱ्याशी घालावा काय? आराखडा उत्पादकाचा, तर जबाबदारीही उत्पादकाचीच.

सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये विश्वकर्मा योजना आणली. हत्यारांसाठी १५,००० रुपयांचे साहाय्य आणि १८ व्यवसायांची यादी, असे तिचे स्वरूप होते. त्या यादीत कुलूप बनविणारा आहे, हत्यारे बनविणाराही आहे. पण नळकाम करणारा, वीजकाम करणारा, पंप दुरुस्त करणारा नाही. आणि दिलेली हत्यारे रात्री ठेवायची कोठे, याचा विचार तर नाहीच.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक छोट्या मालवाहू गाडीत पेटी बसविण्याच्या जागा कारखान्यातूनच मिळाव्यात, मान्यताप्राप्त पेटी वाजवी किमतीत उपलब्ध व्हावी, आणि हत्यारांच्या साहाय्यात पेटीचा व या फिरत्या कारागिरांचा समावेश व्हावा. किंमत वाढेल, अशी ओरड होईल. ती किंमत आजही दिली जातेच. फक्त ती कारागीर एकटा, चोरीच्या दुसऱ्या दिवशी, उसनवारी करून देतो.

या पेटीचा आराखडा वातानुकूलित खोलीत होऊ नये. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील निदेशक आणि नाक्यावरचे कारागीर यांनी एकत्र बसून तो करावा. कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या टेम्पो-थांब्यावर मोजपट्टी घेऊन जावे, कोणते हत्यार किती वेळा लागते, कोठे हात पोहोचत नाही, ते विचारून लिहून घ्यावे. त्या कागदावर जे उतरेल, तेच मागणीपत्र.