जुन्या चित्रकथा : साठा नको, पारख हवी

चित्रकथांचे जुने अंक आणि मूळ चित्रे हाही आज एक व्यापार आहे. त्यात पैसा घालण्यापूर्वी अमेरिकेतील एक दाखला ध्यानात ठेवावा, असे आम्हास वाटते.

१९८४ साली केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड या दोन चित्रकारांनी उसनवारी करून 'टीनेज म्युटंट निन्जा टर्टल्स'चा पहिला अंक स्वतःच काढला. प्रती सुमारे ३,०००, किंमत दीड डॉलर. अंक हातोहात खपला आणि भाव चढत गेला. ते पाहून काळ्या-पांढऱ्या चित्रकथांचा पूर आला. दुकानदारांनी गिऱ्हाईक न पाहता गठ्ठे भरले. १९८७ पर्यंत बाजार कोसळला. कित्येक छोटे प्रकाशक बुडाले. जो माल सर्वांनीच जपून ठेवला, तो दुर्मिळ कसा होणार?

भाव आला की नक्कलही येते. कॅनडातील डेव्ह सिम यांच्या 'सेरेबस'च्या १९७७ च्या पहिल्या अंकाच्या बनावट प्रती बाजारात आल्या. अस्सल प्रतीच्या मुखपृष्ठाची आतली बाजू मंद, बनावटीची चकचकीत. एवढ्या बारकाईने माल पाहावा लागतो.

मूळ चित्राचे पान मात्र एकच असते, आणि छोट्या प्रकाशनात ते बहुधा चित्रकाराकडेच राहते. जुना अंक विकला की नफा दुकानदाराचा. मूळ पान चित्रकाराकडून घेतले, तर मोल कारागिराच्या हाती पडते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : अंक आवडला तरच घ्या, पारखून घ्या; ऐपत असेल तर पान थेट करणाऱ्याकडून घ्या. भाव चढला तर नफा, न चढला तरी घरात चांगली वस्तू राहील.